सांडव्याची उंची

आमच्या ऑफिसात गजभारे सरांचा हात न लागलेले दोघेच होतो. एक मी आणि दुसरा पाण्याचा कूलर. पुढे कूलरचंही नशीब फिरलं. ऐन मे महिन्यात त्यातून कोमट पाणी आलं, तेव्हा सरांनी त्याला अशी लाथ घातली की नळ निखळून शिपायाच्या पायावर पडला. मी मात्र शेवटपर्यंत वाचले. बाईमाणूस म्हणून वाचले असं सगळे म्हणत. मला ते पटत नाही. त्यांच्या मोजणीच्या वह्या मी सांभाळत असे, म्हणून वाचले.

ऑफिस नारायणगुड्यात, एका चष्म्याच्या दुकानावर. काम जमीन मोजायचं. रस्ते, नाले, तळी, प्लॉट, जे येईल ते. किशनराव गजभारे तिथले सगळ्यात जुने सर्व्हेअर. मूळचे देगलूरकडचे, तोफखान्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेले, म्हणून बाहेरची माणसं त्यांना हवालदारसाब म्हणत. बुटके, रुंद, मान नावालाच. मी पुण्याची. नवऱ्याच्या कंपनीपाठोपाठ हैदराबादला आले आणि घरी बसवेना म्हणून इथे नकाशे काढायला लागले. सर मला 'पुणेकर बाई' म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि खवचटपणा किती हे कळायला मला वर्ष लागलं. निम्मं-निम्मं होतं.

मी लागले त्याच आठवड्यात त्यांनी नरेश नावाच्या नव्या इंजिनिअरला मारलं. नरेशने साइटवर आकडा चुकीचा लिहिला, रबराने खोडला आणि त्यावर बरोबर आकडा लिहिला. एवढाच गुन्हा. सरांनी वही पाहिली, पान उजेडात धरलं आणि डाव्या हाताने अशी लगावली की पोराचा चष्मा भिंतीवर आपटून फुटला. नाकातून रक्ताची धार लागली, ती थेट त्या पानावर. सर खाली वाकून शांतपणे म्हणाले, "खोडायचं न्हाई. चुकलं तर एक रेघ मारायची, वर नवा आकडा ल्याहायचा, बाजूला सही करायची. चूक दिसली पायजे." नरेश दुसऱ्या दिवसापासून आला नाही. वही मात्र माझ्याकडे आली, तपकिरी डागासकट. हा माणूस जनावर आहे असं मी त्या रात्री नवऱ्याला सांगितलं. ते मत मी पुढे बदललं नाही, त्यात फक्त भर घातली.

रबराचं कारण मला वर्षभराने कळलं. जेवताना, ज्वारीची भाकरी मोडता मोडता त्यांनी ते सांगितलं. तोफखान्यात त्यांचं कामच उंची काढायचं. तोफ किती उंचीवर उभी आहे आणि निशाणा किती उंचीवर आहे, हे दोन आकडे नीट कळले तरच नळी किती उचलायची ते ठरतं. त्या उचलण्याला ते लोक एलिव्हेशन म्हणतात. एका सरावात कुणी तरी वहीतला आकडा खोडून नवा लिहिला, त्यावर घाम पडला, नऊचा चार झाला. गोळा टेकडीपलीकडे जायचा तो अलीकडेच, आपल्या माणसांत पडला. सरांच्या शेजारच्या गावचा मारुती तिथे होता. ट्रकमध्ये सरांच्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला. मांडीवर डोकंच होतं, कमरेखाली फारसं काही उरलं नव्हतं.

"आणि ज्यानं आकडा खोडला तो?" मी विचारलं.

"त्याचं मी काय केलं ते सांगत न्हाई. तुझं जेवण व्हायचंय अजून."

मी डबा बंद केला.

एलिव्हेशन या शब्दावरून त्यांची रोज कुणाशी तरी लढाई असे. मी इमारतींची चित्रं काढायला शिकलेली, त्यामुळे माझ्या लेखी एलिव्हेशन म्हणजे घराचं समोरून दिसणारं तोंड. खिडक्या, सज्जे, दार. पहिल्याच दिवशी मी त्यांना तसा कागद दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. "फोटो छान हाय. उंची कुठंय?" मी म्हटलं, पायापासून छपरापर्यंत तीस फूट. "पाया कुठंय? समुद्रापासून किती?" मला काय ठाऊक! मी पुण्याची, मी समुद्र गणपतीपुळ्याला पाहिलेला. मग त्यांनी मला ते वाक्य ऐकवलं, जे पुढे मी हजारदा ऐकलं. "कुठून ते आधी सांगायचं, मग किती."

एकदा जीपीएस विकणारा एक टायवाला आला. मिनिटात उंची सांगतो म्हणाला. सरांनी त्याला जवळच्या पुलावरच्या सरकारी दगडापाशी नेलं. दगडाची उंची वर्षानुवर्षं माहीत असलेली. यंत्राने सत्तरएक मीटर कमी दाखवली. खरं तर यंत्राचं चुकलं नव्हतं. उपग्रह समुद्रापासून मोजत नाही, गणितातल्या एका गुळगुळीत गोळ्यापासून मोजतो आणि त्याला ती वजाबाकी शिकवावी लागते. सरांना हे पक्कं माहीत होतं. टायवाल्याला नव्हतं. "कुठून मोजलं?" सरांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो "सर, सॅटेलाइट से" म्हणाला, तेव्हा आधी त्याची बॅग आमच्या जिन्यावरून खाली गेली आणि बॅगेमागून तो. चष्म्याच्या दुकानदाराने त्याला उचललं आणि जाता जाता नंबरही तपासून दिला म्हणतात.

बिल्डरचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्याने टेबलावर रंगीत चित्र पसरलं, खांबबिंब असलेलं. "एलिव्हेशन देखो हवालदारसाब, कैसा है!"

"कित्ता है?"

"कित्ता मतलब? रोमन है."

"आपका तळघर बाहेर के नाले से एक मीटर नीचे है," सर म्हणाले. त्यांची हिंदी अशीच, दोन्ही डगरींवर पाय ठेवून चालायची. "पानी आयेगा. आदमी मरेंगा."

बिल्डर आमच्या मालकांकडे वळून हसत म्हणाला, "ये रिझर्वेशन कोटेवाले को कौन लाया?" वाक्य पुरं झालं की नाही आठवत नाही. सरांनी त्याच्या गळ्यातली सोन्याची साखळी मुठीत गुंडाळली आणि त्याचं तोंड टेबलाच्या काचेवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काच फुटली. मी किंचाळले. पण खरं सांगायचं तर त्या किंचाळण्याच्या तळाशी आनंद होता आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

आमचे मालक प्रसाद साब यांनी त्यांना का ठेवलं होतं? कारण गजभाऱ्यांची सही असलेली उंची शहरात कुणी तपासत नसे. सरकारी इंजिनिअर वही उघडायचे, सही बघायचे, मिटायचे.

त्यांच्या डाव्या भुवईवर मोठा व्रण होता. तो सीमेवरचा, असं सगळे मानत. सिकंदराबादला त्यांच्या घरी गेले तेव्हा सुशीलाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला स्वयंपाकघरात तो इतिहास सांगितला. ताई मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यांनी माझ्यावर हात उचलला. मनगट मोडलं माझं. मी उजव्या हातानं कुकरचं झाकण उचललं. मग मीच टाके घातले, डाव्या हाताला फळी बांधून. सांगून ठेवलं, पुढच्या वेळेला टाके घालणार न्हाई." पुढची वेळ आली नाही. बाहेरच्या खोलीत सर मुकाट्याने कोथिंबीर निवडत होते.

आता तळ्याचं सांगते. सगळं त्याच्यासाठीच लिहिते आहे.

शहराच्या कडेला एक जुनं तळं आहे. त्याच्या एका काठाला एका बड्या जमीनवाल्याची लांबलचक भिंत, सरळ तळ्यात उतरलेली. दुसऱ्या काठाला वस्ती, तीस घरांची. माणसं बहुतेक आपल्याकडची, देगलूर-बिलोलीची. कुणी प्लंबर, कुणी रंगारी, कुणी दवाखान्यात सफाईला. तळं काठोकाठ भरलं की पाणी ज्या उंचीला पोचतं, तिच्या आत येणारं प्रत्येक बांधकाम पाडायचं असा हुकूम निघाला. ती उंची म्हणजे सांडव्याच्या माथ्याची उंची, कारण तळं भरलं की जास्तीचं पाणी तिथूनच बाहेर पडतं. काठाच्या जमिनीच्या उंच्या आमच्याकडे आधीच मोजलेल्या होत्या. सांडव्याची उंची तेवढी काढायची होती. ती आली की मी नकाशावर तेवढ्याच उंचीची रेघ ओढणार. रेघेच्या आत घर असलं तर पडणार, बाहेर असलं तर राहणार. काम सरांकडे आलं.

हे मोजतात कसं तेही सरळच सांगते. दोन किलोमीटरवर एका मोरीपाशी सरकारी दगड आहे, त्याची उंची माहीत आहे. एक माणूस आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभा राहतो, दुसरा तिवईवरच्या दुर्बिणीतून ती वाचतो. मग दुर्बीण पुढे न्यायची, मग पट्टी पुढे न्यायची, असं करत सांडव्यापर्यंत जायचं. पण काम तिथे संपत नाही. तसंच मोजत उलट त्या दगडापर्यंत यायचं. दगडाची उंची होती तेवढीच निघाली तर मधलं सगळं बरोबर. याला आम्ही परतीची फेरी म्हणतो. सरांनी आयुष्यात कधी ती चुकवली नव्हती. एकदा ताप अंगात असताना, एकदा स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा ते परतीची फेरी मारूनच घरी गेले होते.

त्या दिवशी पट्टी धरायला नेहमीप्रमाणे यादगिरी होता. गौलीगुड्याचा, पन्नाशीचा, वीस वर्षं सरांसमोर पट्टी धरून उभा राहिलेला. निम्मी वाट झाली असताना जमीनवाल्याची जीप आली. सहाजण उतरले, हॉकीच्या काठ्या आणि एक सळई. पहिली लाथ तिवईला. दुर्बीण दगडांवर पडली. पहिली सळई यादगिरीच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज सरांनी ऐकला आणि मग, यादगिरीच्याच शब्दांत, "साब आदमी नै रहे."

चार मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी त्यांनी एकाच्या तोंडावर आडवी मारली. पट्टी वाकली, त्याचा जबडाही वाकला. दुसऱ्याचा गुडघा तिवईच्या पायाने फोडला. तिसऱ्याच्या कानाचा तुकडा त्यांनी दातांनी तोडला आणि थुंकला. सरांचंही डोकं फुटलं होतं, पण जीप निघून गेली. मग त्यांनी आपला शर्ट फाडून यादगिरीचा हात बांधला, दुर्बीण उचलून पुसली, गाडीतली जुनी लाकडी पट्टी काढली आणि म्हणाले, "चल. काम ऱ्हायलंय."

यादगिरी एका हाताने पट्टी धरत राहिला. त्याला घेरी येत होती. सर दुर्बीण घेऊन लांब लांब ढांगा टाकत पुढे जायचे आणि यादगिरी मागून येऊन त्यांच्यापुढे जेमतेम चार पावलं जायचा. असं करत ते सांडव्याला पोचले. आकडा मिळाला. यादगिरीला दवाखान्यात नेलं. परतीची फेरी राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शाल, नारळ, पेढे. वर्तमानपत्रात फोटो. प्रसाद साबांना अहवाल त्याच दिवशी द्यायचा होता. वही माझ्यापुढे आली. शेवटची पानं कोरी होती आणि खाली सरांची सही होती. मी विचारलं, "सर, परतीची फेरी?"

त्यांनी वही टेबलावर आपटली. डोक्याच्या पट्टीतून रक्त झिरपत होतं. हात वर गेला, खांद्यापर्यंत, आणि थांबला. "तिथं रक्त सांडलंय बाई. तुला फेरी पायजे?" सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं. आदल्या दिवशी सहाजणांना पुरून उरलेला माणूस समोर उभा होता आणि जिंकल्याचा कैफ अजून उतरला नव्हता. मी मान खाली घातली आणि रेघ ओढली. तीसच्या तीस घरं रेघेच्या आत आली.

मी गप्प बसले हे मी कुणावरही ढकलत नाही.

तीन आठवड्यांनी बुलडोझर आले. आधी वस्तीकडे, भिंतीकडे नाही. भिंत तर कुठल्याही उंचीने मोजा, तळ्यातच होती. पण तिचा नंबर नंतर. पहिल्या दिवशी अकरा घरं पाडली. लाठ्या चालल्या, बायकांना केसांना धरून ओढलं. बालाजी नावाच्या प्लंबरची बायको सुमन गॅसची टाकी काढायला आत परत गेली आणि भिंत तिच्यावर आली. ऑफिसात कुणीतरी फोनवर ते दाखवत होतं. धूळ, मग धुळीतून दिसणारा हिरव्या बांगड्यांचा एक हात. सरांनी तो फोन हिसकावला आणि जमिनीवर आपटून फोडला. पण बोलले एवढंच, "घर पाण्यात हुतं. कायदा हाय." उरलेली एकोणीस घरं पुढच्या महिन्यातल्या बुधवारी पाडायची होती. त्यांच्या दारांवर लाल रंगाने फुल्या मारल्या होत्या.

मधे पाऊस लागला. तळं भरलं. एका शनिवारी यादगिरी गळ्यात हात अडकवून ऑफिसात आला, दारातच उभा राहिला. "साब, चेरुवु फुल हो गया. सांडवे पे से पानी जा रहा, इत्ता." त्याने चांगल्या हाताची वीत दाखवली. "मगर टूटे घरों तक पानी नै आया, साब. दूरीच है."

सरांनी कपाटातून ती दुर्बीण काढली, मागच्या गल्लीत दोन खुंट्या ठोकल्या, आधी दोन्हींच्या मधोमध उभं राहून वाचलं आणि मग एकीच्या अगदी जवळ जाऊन वाचलं. मी वरून बघत होते. त्यांनी तसं चारदा केलं. मग ते गल्लीतच, ओल्या फरशीवर बसले. दगडावर पडताना आतली नळी केसभर वर उचलली गेली होती. जवळचं बरोबर वाचायची, लांबचं जास्त. मागची पट्टी दरवेळी लांब होती आणि पुढची जवळ. प्रत्येक टप्प्याला चूक एकाच बाजूला साठत गेली होती. परतीची फेरी मारली असती तर हे दगडापाशी पोचताच कळलं असतं.

रविवारी दुसरं यंत्र घेऊन आम्ही गेलो. यादगिरीचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून पट्टी मी धरली. दगडापासून सांडव्यापर्यंत आणि सांडव्यापासून दगडापर्यंत. दिवसभर त्यांनी मला एकही शिवी दिली नाही, मला तेच जास्त बोचलं. दगडाची उंची होती तेवढीच परत आली. सांडव्याची उंची आधीपेक्षा चौतीस सेंटिमीटर कमी निघाली. मी तिथेच मोरीवर बसून नकाशा मांडीवर घेतला. सपाट काठावर चौतीस सेंटिमीटर म्हणजे वस्तीची अख्खी रुंदी. तिसांतलं एकही घर पाण्यात नव्हतं.

सरांनी वहीत जुन्या आकड्यावर एक रेघ मारली. वर नवा लिहिला. बाजूला सही केली.

सोमवारी सकाळी ते प्रसाद साबांच्या खोलीत गेले. काचेबाहेर आम्ही सगळे टेबलं सोडून उभे. साब समजावत होते. "बुधवार होने दो हवालदारसाब. बाद में देखेंगे. एक औरत मर गई है, समझे क्या? आप जेल जाते. मेरा लायसेन जाता." आता काच फुटणार, अशी शिपायाने पैज लावली होती. सर म्हणाले, "बरं." आणि बाहेर आले. मारामारीत मी त्यांना कधी घाबरले नव्हते एवढी त्या शब्दाला घाबरले.

माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बाई, नकाशा तुझा हाय. छापून घे आन् चल. त्या लोकांचा वकील गौलीगुड्यात बसतो. पाचच्या आत कागद त्याच्या हातात पडला तर उद्या कोर्टात उभा ऱ्हाईल."

"मग सरळ वकिलाकडेच जाऊ."

"न्हाई. आधी त्यांना सांगायचं. माझ्या तोंडानं."

पुढचं आधीच सांगून मोकळी होते. मंगळवारी स्थगिती मिळाली. एकोणीस घरं आजही उभी आहेत, लाल फुल्यांसकट. अकरांपैकी सात पुन्हा बांधली गेली. जमीनवाल्याची भिंत आहे तशी आहे. आणि गजभारे सर आठव्या दिवशी सुशीलाताईंच्याच वॉर्डात वारले. पोलिसाने जबाब घेतला तेव्हा ते शुद्धीवर होते. जिन्यावरून पडलो म्हणाले. पोलीस म्हणाला, हवालदारसाब, जिन्याला विटा असतात, मुठी नसतात. ते म्हणाले, माझ्या जिन्याला होत्या. ताईंनी टाके घातले. किती घातले ते मी विचारलं नाही. मलाही पोलिसांनी विचारलं. मी काही पाहिलं नाही म्हणाले. खोटं बोलले, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा बोलेन.

मी पाहिलं ते हे.

दुपारचे साडेतीन. मी रिक्षा वस्तीच्या तोंडाशी थांबवून ठेवली. पडलेल्या घरांच्या जोत्यांवर ताडपत्र्या बांधून लोक राहत होते. सरांना पाहून दोन म्हातारे उठले. "जय भीम, हवालदारसाब." त्या सहाजणांना ज्यांनी झोडपलं ते हेच, एवढं वस्तीला ठाऊक होतं. आपला माणूस. एका बाईने प्लास्टिकची खुर्ची आणली, पदराने पुसली. कुणी पाण्याचा तांब्या आणला. सर बसले नाहीत. पाणीही घेतलं नाही.

"जय भीम," ते म्हणाले. "बुधवारी तुमची घरं पडणार न्हाईत. बाईकडं कागद हाय. तुमची घरं पाण्यात नव्हती. एकबी नव्हतं. सांडव्याची उंची म्या काढली व्हती, ती चुकली."

लोकांना आधी पहिलंच वाक्य समजलं. कुणी टाळी वाजवली. एक पोरगी हसली. मग बालाजी पुढे आला. महिन्याभराची दाढी, अंगात कंपनीचा निळा शर्ट.

"एकबी नव्हतं?"

"न्हाई."

"आमचंबी न्हाई?"

"तुमचं तर सगळ्यात वर हुतं."

"मग सही कुनी केली?"

"म्या."

"तपासली न्हाई?"

"न्हाई. तपासायची असती. म्या तपासली न्हाई."

बालाजीने थोबाडीत मारली. आवाज भिंतीवरून परत आला. सरांचे हात कोपरापासून वर आले, सवयीने, आणि मी डोळे मिटले, कारण ते हात काय करतात हे मला ठाऊक होतं. उघडले तेव्हा हात खाली होते, पँटच्या शिवणीला चिकटलेले, सावधानमध्ये उभं राहतात तसे. बालाजीने पुन्हा मारलं. मग पोटात. मग खुर्चीने. मग बाकीचे आले. ज्या म्हाताऱ्याने जय भीम घातला होता त्याने काठी घातली. बायका ओरडत होत्या, सुमनचं नाव घेत होत्या. कुणीतरी जोत्यातली वीट उपसली.

मी मध्ये घुसले. "अरे सोडा! मरतील ते!" कुणाचा तरी कोपर माझ्या दातांवर बसला. सर गुडघ्यांवर होते, एक डोळा बंद झालेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगाला हात लावला. मला धक्का देऊन गर्दीबाहेर ढकललं.

"कागद, बाई. पाच वाजतील."

मी नकाशा आणि वही छातीशी धरून पळाले. रिक्षात बसले. रिक्षावाला मान बाहेर काढून बघत होता. माझ्या ओठातून रक्त येत होतं, ते नकाशावर पडू नये म्हणून मी ओढणी तोंडात कोंबली.

"कौन है वो, मॅडम?"

"हमारे साब."

मी मागे वळून पाहिलं. ते पडले होते. मग एक हात जमिनीवर टेकून उठले, सरळ उभे राहिले, हात पुन्हा शिवणीला लावले. वीट धरलेला माणूस परत पुढे सरकला.

"तो छुड़ाते कैकू नै?" रिक्षावाला ओरडला. "मर जाते वो!"

"गौलीगुडा," मी म्हणाले. "जल्दी चलाओ."